गाणारा समूह आणि माहितीपट : 'लीव्हिंग होम' व 'कबीरा खडा बाजार में' यांचा तौलनिक विचार

१

दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या आणि रूढ वर्गवारीत न बसणाऱ्या गायक-वादकांच्या समूहावर माहितीपट करणे, हा पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीत आता एक स्थिर प्रकार झाला आहे. बॉब डिलनच्या १९६५ च्या इंग्लंड दौऱ्यावरील डी. ए. पेनबेकर यांचा 'डोन्ट लुक बॅक' (१९६७) आणि रोलिंग स्टोन्सच्या १९६९ च्या अमेरिका दौऱ्यावरील मेझल्स बंधूंचा 'गिम्मी शेल्टर' (१९७०) या चित्रपटांनी या प्रकाराचा पाया घातला. पुढे त्याचे इतके संकेत रूढ झाले, की रॉब रायनर यांना १९८४ मध्ये 'धिस इज स्पायनल टॅप' या चित्रपटातून त्यांचे संपूर्ण विडंबन करता आले. विडंबनाला पात्र ठरणे हे कोणत्याही वाङ्मयप्रकाराच्या प्रौढत्वाचे लक्षण मानले जाते. येथेही तसेच म्हणावे लागेल. एडगर राइट यांचा 'द स्पार्क्स ब्रदर्स' (२०२१) हा या परंपरेतील अलीकडचा ठळक नमुना होय. रॉन आणि रसेल मेल या दोन भावांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून चालविलेल्या 'स्पार्क्स' या विक्षिप्त पॉप बँडची कथा तो सुमारे दोन तास वीस मिनिटांत सांगतो. त्याचा युक्तिवाद साधा आहे : या भावांनी कोणाचेही ऐकले नाही, म्हणून ते टिकले. विक्षिप्तपणा हाच तेथे दीर्घायुष्याचा हेतू ठरतो.

हा युक्तिवाद भारतीय संदर्भात कितपत टिकतो, असा प्रश्न उपस्थित करण्यास दोन माहितीपट निमित्त पुरवितात. जयदीप वर्मा यांचा 'लीव्हिंग होम : द लाइफ अँड म्युझिक ऑफ इंडियन ओशन' आणि शबनम विरमाणी यांचा 'कबीरा खडा बाजार में' हे ते दोन माहितीपट. पहिला दिल्लीतील 'इंडियन ओशन' या बँडवर आहे. दुसरा माळव्यातील प्रह्लादसिंह टिपाणिया आणि त्यांची भजनमंडळी यांच्याभोवती गुंफलेला असून तो बेंगळुरू येथील कबीर प्रकल्पातून निर्माण झाला आहे. २०१० सालासाठीच्या ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पहिल्याला कला व संस्कृतीविषयक सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला, तर दुसऱ्याला परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार. ही एकत्र नोंद योगायोगाची असली तरी तौलनिक अभ्यासकाला ती उपयोगी आहे. शहरी, इंग्रजी-शिक्षित मध्यमवर्गातून आलेला बँड आणि ग्रामीण दलित समाजातून आलेली मंडळी हे दोन्ही समूह कबीर गातात. मात्र एकाच कवीकडे जाणाऱ्या त्यांच्या वाटा भिन्न आहेत आणि त्या दाखविणाऱ्या दोन चित्रपटांच्या रीतीही भिन्न आहेत.

मराठी वाचकापुढे येथे एक पारिभाषिक अडचण उभी राहते. 'बँड' हा शब्द मराठीत प्रथम लग्नाच्या वरातीची आठवण करून देतो. गाणाऱ्या-वाजविणाऱ्या समूहासाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही : भजनी मंडळ, दिंडी, तमाशाचा फड, गणेशोत्सवातील मेळा, नाटक मंडळी, कलापथक, ऑर्केस्ट्रा. यांपैकी प्रत्येक शब्द समूहाबरोबरच त्याचा आश्रयदाता, त्याची जागा आणि त्याचे अर्थकारणही सांगतो. फडाला फडमालक असतो, दिंडीला विणेकरी असतो, कलापथकामागे चळवळ असते. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचा विचार कामगार चळवळीला वगळून करता येत नाही. 'बँड' या शब्दात मात्र असा आश्रय गृहीत नाही. चार मित्र आणि त्यांची इच्छा एवढेच त्यात गृहीत आहे. दोन माहितीपटांमधील मूलभूत फरक या शब्दभेदातच दडलेला आहे.

२

'इंडियन ओशन'ची स्थापना १९९० मध्ये सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी केली. १९९१ मध्ये राहुल राम आणि १९९४ मध्ये अमित किलम त्यांना येऊन मिळाले व चौघांचा संच पूर्ण झाला. पहिला अल्बम १९९३ मध्ये निघाला. दिल्लीत सफदर हाश्मी यांच्या स्मृतिदिनी केलेल्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणातून 'डेझर्ट रेन' (१९९७) आकाराला आला आणि 'कंदिसा' (२०००) या अल्बमने बँडला देशभर श्रोते मिळवून दिले. गिटार, तबला, बास गिटार आणि ड्रम्स अशा मांडणीतून निघणारे हे संगीत रॉक म्हणावे की फ्यूजन की लोकसंगीत, हा प्रश्न बँडला सतत विचारला गेला आणि त्याने त्याचे सरळ उत्तर कधी दिले नाही.

'कंदिसा'मधील गाण्यांची भाषिक घडण तौलनिक साहित्याच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. शीर्षकगीत केरळातील सीरियन ख्रिस्ती परंपरेतील सिरियॅक प्रार्थनेवर आधारलेले आहे. 'मा रेवा' नर्मदाखोऱ्यातून आले. 'हिल्ले ले'चे शब्द गोरख पांडे या भोजपुरी-हिंदी क्रांतिकारी कवीचे आहेत. पुढे 'झीनी' (२००३) या अल्बममध्ये कबीर येतो. नागर श्रोत्याला अपरिचित असणाऱ्या या संहिता एका संगीतात शेजारी येऊन बसतात. यामागे जीवनानुभवही आहे : राहुल राम यांनी कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि नंतर काही वर्षे नर्मदा बचाव आंदोलनात काम केले. आंदोलनात ऐकलेली गाणी त्यांनी बँडमध्ये आणली. येथे गीतसंकलक, भाषांतरकार आणि वादक या तीन भूमिका एकाच माणसात एकवटलेल्या दिसतात.

वर्मा यांच्या माहितीपटाचे नाव 'कंदिसा'तील एका रचनेवरून घेतलेले आहे आणि ते द्व्यर्थी आहे. सुरक्षित नोकरीचे, अपेक्षित आयुष्याचे घर सोडणे हा त्याचा एक अर्थ. दुसऱ्या अर्थाने घर म्हणजे करोल बागेतील १६/३३०, खजूर रोड ही जुनी वास्तू, जेथे बँडने अनेक वर्षे सराव केला. चित्रपटाची रचना गाणी आणि आत्मकथने यांच्या आलटून-पालटून येण्यावर उभी आहे. गाणे तुकड्यांत न कापता त्याला पुरेसा अवधी देणे, हा वर्मा यांचा महत्त्वाचा निर्णय होय. दूरचित्रवाणीच्या सवयीत गाणे हे मुलाखतीखालचे पार्श्वसंगीत होऊन बसते. येथे ते स्वतः बोलते. चार माणसांची चार आयुष्ये एका गाण्यात कशी सामावतात, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. ते त्याला ऐकू येते.

२ एप्रिल २०१० रोजी हा माहितीपट चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. भारतात माहितीपटाला तिकीटबारी मिळणे किती दुर्मिळ आहे, हे लक्षात घेता ही घटना लहान नव्हती. परंतु प्रदर्शनापूर्वीच, २५ डिसेंबर २००९ रोजी, असीम चक्रवर्ती यांचे निधन झाले होते. चौघांच्या अखंडत्वाची कथा म्हणून रचलेला चित्रपट अशा रीतीने प्रेक्षकांपुढे आला तेव्हा शोकलेख झालेला होता. त्यातील एकही चौकट न बदलता तिचा अर्थ बदलला. पुढे २०१३ मध्ये सुस्मित सेनही बँडमधून बाहेर पडले. बँड नव्या वादक-गायकांसह चालू राहिला. चित्रपटातील चौकडी मात्र आज केवळ चित्रपटातच आहे.

या माहितीपटाचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही येथेच दिसतात. वर्मा यांची दृष्टी रसिकाची, किंबहुना भक्ताची आहे. भक्ताच्या दृष्टीमुळे जवळीक साधते आणि गाण्याला न्याय मिळतो. मात्र त्या दृष्टीला समूहातील ताण हा कथेतील अडथळा वाटतो, कथेचा विषय वाटत नाही. चौघांचे वेगळेपण चित्रपट प्रेमाने रंगवितो, परंतु ते वेगळेपण एक दिवस समूहाला पुरे पडणार नाही, या शक्यतेला त्याच्या रचनेत जागा नाही. २०१३ नंतर हा चित्रपट पाहणाऱ्याला ही अनुपस्थिती जाणवल्यावाचून राहत नाही. नर्मदाखोऱ्यातील गीतांची प्रेक्षकाला ओळख होते ती बँडच्या वाटचालीतील टप्पे म्हणून. ज्यांच्या कंठात ती आधी होती, त्यांचे गायन हा चित्रपटाचा विषय होत नाही. बँडवरील चित्रपटाकडून तशी अपेक्षा करावी काय, असा प्रतिप्रश्न येथे होऊ शकतो. त्याचे उत्तर दुसऱ्या माहितीपटाच्या संदर्भात शोधणे सोयीचे ठरेल.

३

बेंगळुरूची सांगीतिक ख्याती दुहेरी आहे. एकीकडे हे शहर भारतातील रॉक संगीताची राजधानी म्हणून ओळखले जाते. 'थर्मल अँड अ क्वार्टर'सारखा १९९६ पासून चालत आलेला आणि आपल्या नावातच मल्याळी असण्या-नसण्याची कोटी लपविणारा बँड याच शहराचा. १७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचा भारतातील पहिला कार्यक्रम झाला तोही येथील पॅलेस ग्राउंडवर. दुसरीकडे, हिंदी पट्ट्यापासून दूर असलेल्या याच शहरात कबीरावरील अलीकडच्या काळातील सर्वांत महत्त्वाकांक्षी दृक्श्राव्य प्रकल्प उभा राहिला. २००२ च्या गुजरातमधील हिंसाचारानंतर अहमदाबादहून बेंगळुरूला आलेल्या शबनम विरमाणी यांनी सृष्टी या कलाशिक्षणसंस्थेत राहून २००३ पासून हे काम आरंभिले. त्यातून 'हद-अनहद', 'चलो हमारा देस', 'कोई सुनता है' आणि 'कबीरा खडा बाजार में' हे चार माहितीपट निर्माण झाले; जोडीला ध्वनिमुद्रिका व पुस्तिका निघाल्या आणि पुढे 'अजब शहर' हा अंकीय संग्रह आकाराला आला.

बेंगळुरूचे हे स्थान केवळ पत्त्यापुरते नाही. कबीर ज्या शहराच्या बोलीत नाही, तेथे त्याच्यावरील चित्रपट घडताना भाषांतर अटळ होते. कन्नड श्रोत्यापाशी वचनसाहित्य आहे, शिशुनाळ शरीफांची गीते आहेत. कबीर त्याला या ओळखीच्या सुरांतून भेटतो. मराठी श्रोत्याला तो नामदेव-तुकारामांच्या आधाराने आणि बहुधा कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांतून भेटलेला असतो. कुमारांचे जीवन हाच एक तौलनिक पाठ आहे : बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेला कन्नडभाषक मुलगा मुंबईत शिकतो, क्षयाच्या आजारामुळे १९४८ मध्ये देवासला जातो आणि तेथे माळव्याचे लोकगायन व नाथपंथीय-कबीरपंथीय भजने ऐकून ती मराठी मैफलीपर्यंत आणतो. 'कोई सुनता है' हा माहितीपट या प्रवासाचाच वेध घेतो. टिपाणिया यांचा मुलूखही तोच माळवा. एकाच प्रदेशातील एकाच परंपरेने एक मार्ग मैफलीकडे आणि दुसरा गावच्या रात्रभर चालणाऱ्या भजनाकडे नेला. विरमाणी यांच्या चित्रपटमालिकेत हे दोन्ही मार्ग शेजारी येतात, हे तिचे मोठे श्रेय आहे.

'कबीरा खडा बाजार में'चा नायक प्रह्लादसिंह टिपाणिया हे शाळाशिक्षक आणि दलित समाजातून आलेले गायक आहेत. तंबुरा, खडताळ, ढोलक, व्हायोलिन अशी त्यांच्या मंडळीची मांडणी. १९९० च्या दशकात 'एकलव्य' या संस्थेने देवास परिसरात 'कबीर भजन एवं विचार मंच' चालविला. रात्रभर भजने गावीत आणि मध्येमध्ये त्यांच्या अर्थावर, जातीवर, कर्मकांडावर चर्चा करावी, असे त्याचे स्वरूप होते. टिपाणिया त्या मंचाचे सहप्रवासी. पुढे त्यांनी कबीरपंथाच्या एका शाखेत महंतपद स्वीकारले. ज्या कबीराने कर्मकांडावर प्रहार केला, त्याच्याच नावाने होणाऱ्या चौका आरतीचे यजमानपद आता त्यांच्याकडे आले. मित्रांना हा विरोधाभास असह्य वाटला. टिपाणियांना मात्र पंथातूनच अधिक माणसांपर्यंत पोहोचता येईल असे वाटत होते.

माहितीपटाचा संघर्ष हा आहे. विरमाणी तो बाहेरून निवाडा देऊन मिटवीत नाहीत. त्यांचे निवेदन प्रथमपुरुषी आहे, त्यांचे प्रश्न कॅमेऱ्यामागून ऐकू येतात आणि त्यांची स्वतःची अस्वस्थताही लपत नाही. त्यामुळे गायकावरील प्रेम आणि गायकाच्या निर्णयाबद्दलची शंका एकाच चौकटीत राहू शकतात. वर्मा यांच्या चित्रपटात जे शक्य झाले नाही, ते येथे घडते : समूहातील ताण हाच चित्रपटाचा विषय होतो. मंडळी ही स्थिर वस्तू नसून रोज नव्याने करावयाची तडजोड आहे, हे प्रेक्षकाला उमगते. टिपाणिया यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१९ मध्ये त्यांनी देवास मतदारसंघातून लोकसभेची निवडणूक लढविली व ते पराभूत झाले. या घटना चित्रपटानंतरच्या असल्या तरी चित्रपटाने त्यांना अनपेक्षित राहू दिलेले नाही. भजन, पंथ, सन्मान आणि सत्ता यांच्यातील अंतर टिपाणियांना कसे सतत मापावे लागते, हे त्याने आधीच दाखविले होते.

४

दोन्ही चित्रपटांत समान असणारा प्रश्न कर्तृत्वाचा आहे : समूहाने गायिलेल्या संहितेचा कर्ता कोण? कबीराच्या बाबतीत हा प्रश्न पाठचिकित्सेने फार पूर्वी विचारला. बीजक, आदिग्रंथ आणि राजस्थानी संग्रह या तीन परंपरांतील कबीर परस्परांहून इतके भिन्न आहेत, की एक प्रमाण कबीर सिद्ध करणे अभ्यासकांना साधलेले नाही. लिंडा हेस यांनी 'बॉडीज ऑफ साँग' (२०१५) या ग्रंथात याच माळव्यातील गायकांच्या आधारे मौखिक कबीराचा विचार केला आणि गायकाच्या देहात राहणारी संहिता हस्तलिखिताइतकीच अभ्यासार्ह मानली. मराठीत हा अनुभव अपरिचित नाही. शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेल्या व १८७३ मध्ये पूर्ण झालेल्या तुकारामगाथेनंतरही फडाफडांतून निराळे पाठ गायिले जात राहिले. छापील गाथा आणि गायिलेली गाथा यांचे नाते अद्याप पुरते तपासले गेलेले नाही.

या पार्श्वभूमीवर माहितीपट हा नवा संपादक ठरतो. तो एका रात्रीचे एक गायन निवडतो आणि ते कायम करतो. 'इंडियन ओशन'ची 'झीनी' श्रोत्याच्या मनात ध्वनिमुद्रिकेमुळे आधीच स्थिर झालेली असते. चित्रपट त्या स्थैर्यावर शिक्कामोर्तब करतो. पॉप संगीतात गाण्याची प्रमाण प्रत म्हणजे मुद्रित प्रत, आणि रंगमंचावरील प्रत्येक सादरीकरण तिच्याशी ताडून पाहिले जाते. टिपाणियांच्या भजनाला अशी प्रमाण प्रत असण्याचे कारण नाही. ते गाता गाता थांबतात, अर्थ सांगतात, श्रोत्याला विचारतात आणि पुन्हा गातात. विरमाणी यांचा चित्रपट हे थांबणे राखून ठेवतो. गाण्याला पूर्ण अवधी देणे हा वर्मा यांचा न्याय होता. गाण्यातील खंडाला अवधी देणे हा विरमाणी यांचा. दोन्ही न्याय आपापल्या सांगीतिक व्यवस्थेला धरून आहेत, म्हणून एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजणे अप्रस्तुत होईल. दुसऱ्या भागात राखून ठेवलेल्या प्रतिप्रश्नाचे उत्तरही येथे मिळते. मूळ गायकांची अनुपस्थिती हा वर्मा यांच्या आस्थेचा दोष नव्हे. 'बँड' या संकल्पनेतच गाणे बँडपासून सुरू होते असे गृहीत आहे, आणि चित्रपटाने ते गृहीतक तपासले नाही, एवढाच त्याचा दोष आहे.

५

आता आरंभीच्या युक्तिवादाकडे वळता येईल. 'द स्पार्क्स ब्रदर्स' सांगतो की जे कोणाचे ऐकत नाहीत ते टिकतात. मेल बंधूंच्या बाबतीत हे खरे मानले, तरी त्यामागे कॅलिफोर्नियातील मध्यमवर्ग, ध्वनिमुद्रण कंपन्यांची विशाल बाजारपेठ आणि एका देशाने नाकारल्यास दुसऱ्या देशात श्रोते मिळण्याची सोय होती. 'इंडियन ओशन'च्या सदस्यांना घर 'सोडता' आले, कारण सोडण्याजोगे घर होते. शिक्षण आणि इंग्रजी हा परतीचा मार्गही होता. याने त्यांच्या धाडसाचे मोल कमी होत नाही, परंतु त्या धाडसाची सामाजिक अट स्पष्ट होते. टिपाणियांनी शिक्षकाची नोकरी करीत भजन केले. मंडळीचे दीर्घायुष्य तेथे वेतनावर, आप्तांवर आणि गावोगावच्या निमंत्रणांवर उभे राहिले.

या तुलनेला मराठीतून एक तिसरी बाजू जोडणे अगत्याचे आहे. आनंद पटवर्धन यांचा 'जयभीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेल्या पोलीस गोळीबारापासून आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेल्या आत्महत्येपासून सुरू होतो आणि चौदा वर्षांच्या चित्रीकरणाअंती पुण्याच्या कबीर कला मंचापर्यंत येतो. येथेही गाणारा समूह आहे आणि त्याच्या नावात कबीर आहे. परंतु कोणाचे न ऐकण्याची किंमत येथे अल्बम न खपण्यापुरती राहत नाही. मंचाच्या काही सदस्यांना अटक आणि तुरुंगवास भोगावा लागला. जे वर्तन मेल बंधूंच्या बाबतीत विक्षिप्त आणि लोभस ठरते, तेच निराळ्या जातिवर्गातील गायकांच्या बाबतीत संशयास्पद ठरते. 'विक्षिप्त' हे विशेषण मिळणे हाही एक सामाजिक अधिकार आहे.

या दृष्टीने पाहता, दीर्घकाळ टिकलेल्या समूहावरील माहितीपटाची कसोटी त्याने किती जिव्हाळ्याने चित्रण केले एवढीच राहत नाही. समूह कशावर टिकला आणि टिकण्यासाठी त्याने काय सोडले, या प्रश्नांची नोंद चित्रपट घेतो काय, हे पाहावे लागते. 'लीव्हिंग होम' पहिल्या प्रश्नाला मैत्री व संगीत असे मनःपूर्वक उत्तर देतो, आणि चौघांचा तो संच आता उरला नसल्याने त्याचे दस्तऐवजी मूल्य काळाबरोबर वाढतच जाईल. 'कबीरा खडा बाजार में' दुसरा प्रश्नही विचारतो आणि त्याचे उत्तर नायकावर व दिग्दर्शिकेवर सारखेच सोपवितो. मराठीत दिंड्या, फड आणि कलापथके यांच्या दीर्घ आयुष्याचे दृक्श्राव्य लेखन अद्याप तुरळक आहे. ते हाती घेणाऱ्यास या दोन माहितीपटांतून दोन गोष्टी घेता येतील : वर्मा यांच्याकडून गाणे पुरते ऐकण्याचा संयम, आणि विरमाणी यांच्याकडून ज्याच्यावर प्रेम आहे त्याला प्रश्न विचारण्याची रीत.